घरातली लाकडी संत अंतोनींची मूर्ती: किती जुनी, कुठली, आणि रंगवावी का?

जालन्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. सासरी घरच्या वेदीवर सव्वा फूट उंचीची एक लाकडी मूर्ती आहे. अंगावर तपकिरी झगा, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, रंगाचे पोपडे सुटलेले आणि खाली रोज थोडी पिवळसर भुकटी पडते. एका फिरत्या व्यापाऱ्याने 'चारशे वर्षांची पोर्तुगीज, चंदनाची' असं म्हणून मागणी घातली. घरच्यांचं म्हणणं, जूनमधल्या सणाआधी पेंटरकडून रंगवून घ्यावी. ताईंना दोन गोष्टी हव्यात: वय नेमकं किती, आणि रंगवावी का. सोबत चारही बाजूंचे फोटो आहेत.

ताई, आधी निकाल सांगतो, मग कारणं. मूर्ती इटलीतल्या पदुआच्या संत अंतोनींची आहे. लाकूड साग आहे, चंदन नाही. काम गोव्याकडच्या घरगुती मूर्तींच्या घडणीचं दिसतं. फोटोंवरून मी ती एकोणिसाव्या शतकातली म्हणेन, फार ताणलं तर अठराव्याच्या अखेरची. चारशे वर्षं म्हणायला फोटोंत काही आधार नाही. रंगवू नका. भुकटीचं तेवढं आज बघा, बाकीचं महिनाभर थांबलं तरी बिघडणार नाही.

भुकटी मूर्तीतून पडते असं तुम्ही लिहिलं आहे. खालच्या बाजूचा फोटो मोठा करून बघा. मूर्तीच्या मूळ बैठकीखाली अर्ध्या इंचाची एक वेगळी फळी ठोकलेली आहे. मूर्ती डुगडुगायची म्हणून सासऱ्यांनी सुताराकडून ती बसवून घेतली, हेही तुम्हीच लिहिलं आहे. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसतात ती सगळी त्या फळीत. रंग आणि रेषा पाहता फळी आंब्याची वाटते. आंब्याच्या लाकडात पिष्ट भरपूर, त्यामुळे भुंगेऱ्याच्या अळ्यांना ते फार आवडतं. सागाच्या गाभ्यात मुळातच किडीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून आपल्या वाड्यांच्या तुळया शंभर-दीडशे वर्षं उभ्या राहतात. पण सालीकडचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी कीड खाते. तुमच्या मूर्तीत झग्याच्या मागच्या काठाशी तसा एक फिकट पट्टा आहे, आणि तो त्या फळीला टेकलेला आहे. काळजी तेवढ्याच जागेची.

गडद रंगाच्या कागदावर मूर्ती ठेवा आणि पंधरा दिवस तिथे झाडू-फडकं फिरवू नका. भुकटी पुन्हा पडली तर कीड जिवंत आहे. नाही पडली तर जुन्या बोगद्यांत साठलेला भुसा हादऱ्याने गळत होता, एवढंच. पडलेली भुकटी बोटांत चोळून बघा. नुसतं पीठ लागलं तर भुंगेरा. खसखशीएवढे सहा कडांचे दाणे लागले तर कोरड्या लाकडातली वाळवी. माळवदाच्या घरात भिंतीवरून मातीच्या नळ्या करत येणारी आपली उधई वेगळी. कोरड्या लाकडातल्या या वाळवीला जमिनीची ओल लागत नाही, एका तुळईत जन्म काढते.

फळी काढावी लागेल, पण पकडीने उपटू नका. खिळ्यांबरोबर मूळ बैठकीचा तुकडाही येतो. मूर्ती आडवी करून मऊ गादीवर ठेवायची, फळी आणि बैठक यांच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालायचं आणि खिळे मधल्यामध्ये कापायचे, ही रीत. कुशल सुतार असेल तर हे काम तो करेल, फक्त शेजारी बसा आणि 'जरा पॉलिश पेपर मारून देतो' म्हणाला की हात धरा. फळी घराबाहेर नेऊन जाळून टाका.

कीड मूळ लाकडातही गेली असेल तर मूर्ती हवाबंद पिशवीत ठेवून आतला ऑक्सिजन शोषून घेतात आणि तो एक टक्क्याच्याही खाली तीन-चार आठवडे ठेवतात. अंडी, अळ्या, भुंगेरे, सगळं गुदमरून मरतं आणि रंगाला काही होत नाही. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत हे जमत नाही, कारण तिच्यातून हवा झिरपते. त्यासाठी वेगळी फिल्म आणि शोषक पुड्या लागतात, म्हणजे हे संवर्धकाचं, जुन्या कलावस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम. तोवर मूर्ती बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवा. खाटेला ढेकणांसाठी रॉकेल लावायची आपली जुनी सवय इथे आवरा. रॉकेल रंगाखालच्या अस्तरात मुरतं, डाग कायमचा राहतो आणि पुढे कुठलाही चिकट पदार्थ तिथे धरत नाही. फवारायच्या कीटकनाशकांतले द्रावकही जुना रंग मऊ करतात.

आता हे संत कोण, ते कसं ओळखलं. बिनदाढीचा तरुण चेहरा, डोक्यावर मधोमध भादरलेलं आणि भोवती केसांचं कडं, फ्रान्सिस्कन साधूंचा झगा, कमरेला दोरी आणि दोरीला तीन गाठी. गाठी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. एवढ्यावरून असिसीचे संत फ्रान्सिसही म्हणता आले असते, पण त्यांना बहुधा दाढी असते आणि तळहातांवर जखमा दाखवतात. तुमच्या मूर्तीच्या डाव्या हातावर मिटलेलं पुस्तक आहे आणि पुस्तकाच्या वरच्या बाजूला एक चौकोनी खाच आहे. ती खाच बाळ येशूच्या खुंटीची. पुस्तकावर बसलेला किंवा उभा बाळ येशू आणि दुसऱ्या हातात लिलीची फुलं, ही संत अंतोनींची ठरलेली ओळख. उजव्या मुठीतून आरपार गेलेलं भोक त्या फुलांच्या दांड्याचं. डोक्यावरच्या भोकात तुम्ही मेणबत्तीचं मेण भरलेलं दिसतं. तिथे पूर्वी चांदीचं वलय खोचलेलं असणार. घरोघरच्या मूर्तींची अशी वलयं अडीनडीला सोनाराकडे गेली. ते मेण सुईने टोकरू नका.

बाळ येशू कुठे गेला, याबद्दल आजेसासूबाई एक गोष्ट सांगायच्या असं तुम्ही लिहिलं आहे: घरातल्या एका आत्याने तो नेला आणि परत आणलाच नाही. घरचे ती चोरीची गोष्ट समजतात. माझ्या मते त्यात चोरी नसावी. अंतोनी पदुआचे म्हणून ओळखले जातात, पण जन्माने ते लिस्बनचे. ११९५ चा जन्म, १३ जून १२३१ ला पदुआजवळ मृत्यू, आणि वर्षही पुरं व्हायच्या आत संतपद. पोर्तुगीजांचा हा घरचा संत. हरवलेली वस्तू शोधून देणारा आणि लग्न जुळवणारा, अशी त्याची ख्याती. लग्न लांबलेल्या मुलीने मूर्तीच्या हातातला बाळ येशू काढून लपवायचा आणि 'नवरा मिळवून दे, मग बाळ परत देते' असं संताला बजावायचं, अशी पद्धत पोर्तुगालपासून ब्राझीलपर्यंत आहे. कुणी मूर्ती उलटी टांगतं, कुणी विहिरीत सोडतं. म्हणून तर बाळ वेगळं कोरून खुंटीवर बसवलेलं असलं की ते हमखास गायब होतं. संग्रहालयांतही रिकाम्या पुस्तकाचे अंतोनी दिसतात. आत्याच्या मुला-नातवंडांकडे एकदा विचारा. तीन-चार इंचांची, खाली चौकोनी खुंटी असलेली बाहुलीसारखी वस्तू एखाद्या पेटीत सापडू शकते. सापडली तर सरस-फेविकॉलने चिकटवू नका. खुंटी खाचेत बसते का एवढं बघा आणि फोटो काढा.

या संताशी पोर्तुगीजांची सलगी किती होती बघा. जुन्या गोव्यातल्या संत अंतोनींच्या चॅपलमधल्या मूर्तीला सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता, आणि पगार उचलायला तिला वर्षातून एकदा मिरवणुकीने खजिन्यात नेत. पगार चॅपलच्या खर्चाला जाई.

वयाकडे येऊ. सगळे चेहरा बघतात. मी पहिल्यांदा पाठ आणि तळ बघतो. चेहरा चार वेळा रंगवला जातो, पाठीकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे कारागिराचा हात तिथे जसाच्या तसा राहतो. तुमच्या मूर्तीची पाठ जवळजवळ सपाट आहे. झग्याच्या दोन-तीन घड्या नुसत्या सुचवून सोडल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये पटाशीचे लांबट, थोडे वाकडे घाव स्पष्ट दिसतात. याचा अर्थ मूर्ती भिंतीला किंवा पेटीच्या पाठीला लावून ठेवण्यासाठीच केली होती. मिरवणुकीची मूर्ती असती तर पाठही पुरी कोरली असती. फळी निघाल्यावर तळ बघा. करवतीच्या रेघा सरळ, कमी-जास्त अंतराच्या असतील तर हातकरवत. गोल पात्याच्या करवतीने कापलेलं लाकूड कमानीसारख्या एकसारख्या रेघा दाखवतं आणि मग काळ अलीकडे येतो. उजवा हात कोपराशी वेगळा जोडलेला आहे आणि जोड लाकडी खुंटीचा आहे, हे महत्त्वाचं. पुस्तकाखाली एक खिळा दिसतो. त्याचं डोकं चौकोनी आणि अंग निमुळतं असेल तर तो लोहाराने ठोकलेला, गोल तारेचा असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. पण खिळा दुरुस्तीचाही असू शकतो, म्हणून एकट्या खिळ्यावर वय बांधू नये.

चंदनाचं म्हणाल तर रंग गेलेल्या जागी, खाली उजव्या काठाशी, लाकडाची छिद्रं नुसत्या डोळ्याला ओळीने दिसतात. वाढीच्या वर्तुळाबरोबर अशी ओळ धरणारी मोठी छिद्रं सागाला असतात. चंदनाचा पोत इतका दाट की भिंग लावल्याशिवाय छिद्रं कळत नाहीत, आणि तेवढ्या आकारात ते हाताला सागापेक्षा बरंच जड लागतं. वास आला म्हणून व्यापारी चंदन म्हणाला असेल, तर वास बाटलीतून येतो.

सगळ्यात बोलका फोटो झग्याच्या काठाचा आहे. तिथे नखाएवढा पोपडा उडाला आहे आणि त्याच्या कडेला थर एकाखाली एक दिसतात: वर चॉकलेटी ऑइल पेंट, त्याखाली मळकट पिवळा, मग पुन्हा एक गडद तपकिरी, त्याखाली लाल मातीची पुसट रेघ आणि तिच्यावर चमकणारा एक कण, मग पांढरं अस्तर, मग लाकूड. तो चमकणारा कण सोन्याचा वर्ख असावा. जुनी पद्धत अशी होती: लाकडावर खडू आणि सरसाचं पांढरं अस्तर, त्यावर मुलायम लाल माती, त्यावर सोन्याचा वर्ख घोटून बसवायचा, वर रंग द्यायचा आणि तो काडीने खरवडून खालच्या सोन्याची वेलबुट्टी उघडी करायची. तुमच्या संतांचा तो चॉकलेटी झगा मुळात सोनेरी नक्षीचा असण्याची बरीच शक्यता आहे. पेंटर नवा हात मारण्याआधी जुना रंग घासून काढेल, तेव्हा हीच नक्षी आधी जाईल. शिवाय जुन्या पांढऱ्या आणि लाल रंगांत शिसं असतं. घासल्यावर उडणारी धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाणं अगदी वाईट.

अतिनील टॉर्च मिळाली तर अंधारात मूर्तीवर फिरवून बघा, डोळ्यांवर मात्र मारू नका. जस्ताचा पांढरा रंग पिवळट-हिरवा उजळतो, लाखेचं पॉलिश नारिंगी दिसतं, आणि टायटॅनियमचा पांढरा काळसर जांभळा राहतो. जस्ताचा पांढरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रंगाच्या डब्यात रुळला, टायटॅनियमचा १९२० च्या सुमाराला. चेहऱ्याच्या वरच्या थरात टायटॅनियम दिसला तर तो थर १९२० च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा, एवढंच ठरतं. खालच्या थराचं वय त्याने ठरत नाही. मूर्तीचं नेमकं वय सांगायचं असतं तेव्हा विकणारे लोक कार्बन चाचणीचं नाव काढतात. साधारण १६५० पासूनच्या लाकडाला ती चाचणी एक तारीख देत नाही, तीन-तीन शतकांत विखुरलेले तुकडे देते. वर जे वय मिळतं ते झाड वाढण्याचं, मूर्ती घडण्याचं नव्हे. घरगुती मूर्तीसाठी त्यात पैसे घालू नका. त्यापेक्षा घरातले लग्नाचे जुने अल्बम काढा. वधू-वरांच्या मागे वेदी दिसते, वेदीवर मूर्ती दिसते. कृष्णधवल फोटोतही झगा नक्षीदार आहे की सपाट हे कळतं, आणि ऑइल पेंट कोणत्या वर्षांच्या मधे लागला ते तुम्ही स्वतः सांगू शकाल. मेलेले पुरावे तपासण्यापेक्षा मला हे काम जास्त आवडतं.

गोव्याची म्हणतो ती चेहऱ्यावरून. लांबट डोळे, जड पापण्या, सरळ नाक आणि भुवयांची अखंड कमान, हा चेहरा लिस्बनच्या कारागिराचा नाही. पायाखालच्या मूळ बैठकीला कमळाच्या पाकळ्यांची ओळ आहे. ती आपल्या देवळांच्या खांबांवरून थेट आलेली. १५६७ मध्ये गोव्यातल्या धर्मपरिषदेने बिगर-ख्रिस्ती कारागिरांनी ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती करू नयेत असा निर्णय दिला, पण देवळाचे खांब घडवणारी परंपरा आणि चर्चची मूर्ती घडवणारी परंपरा एकमेकींपासून कधी तुटल्या नाहीत. हवं तर जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय बघून या. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे आलं. तुमच्या संतांचे नातेवाईक तिथे भेटतील.

मग ही मूर्ती जालन्यात कशी? व्यापाऱ्याने 'चिमाजी अप्पांच्या वसईच्या स्वारीतली' असंही सांगितलं म्हणे. १७३९ च्या त्या विजयानंतर घंटा आल्या हे खरं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, वाईजवळच्या मेणवलीची अशा कितीतरी पोर्तुगीज घंटा आपल्याकडे आजही आहेत. लाकडी मूर्तीला मात्र ती गोष्ट चिकटवायला काही पुरावा लागतो, आणि तो नाही. साधं उत्तर जवळचं आहे. जालना आणि औरंगाबाद या छावण्या होत्या. बँडवाले, खानसामे, बेकरीवाले, शिंपी असे गोव्याचे लोक छावण्यांबरोबर फिरत. १९०० च्या सुमाराला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला आणि रेल्वेच्या नोकरीतलीही कुटुंबं आली. गोव्याच्या घरातून निघताना दोन दारांची लाकडी पेटी, आत मूर्ती, हे सामान बरोबर असेच. तुमच्या मूर्तीची सपाट पाठ अशा पेटीत व्यवस्थित बसते. सासऱ्यांच्या आजोबांचा व्यवसाय काय होता ते जरूर विचारा.

मराठवाड्यात हे थोडं अपवादात्मक आहे, म्हणून इतर वाचकांसाठीही सांगतो. इथली बरीच जुनी ख्रिस्ती घराणी प्रोटेस्टंट मिशनमधून आली, जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या कामातून. त्या घरांत मूर्ती नसतेच. घोगरगावसारख्या कॅथलिक मिशनमध्ये फ्रान्सच्या सव्हॉय भागातून आलेले फादर होते, आणि त्या काळी जगभरच्या मिशनांत मूर्ती यायच्या त्या बहुधा युरोपातल्या कारखान्यांच्या. पॅरिसमध्ये सां-सुल्पीस चर्चच्या आजूबाजूच्या दुकानांतून साच्यात ओतलेल्या प्लास्टरच्या मूर्ती जगभर गेल्या. गुलाबी गाल, काचेचे डोळे, निळी-पांढरी वस्त्रं. टिचकी मारली की बोदा आवाज येतो आणि टवका उडाला की आत पांढरं फटक. इटलीच्या उत्तरेकडच्या ग्रोडन खोऱ्यातल्या मूर्ती लाकडी असतात, पण लाकूड फिकट आणि हलकं, पाठही यंत्राने गुळगुळीत केलेली. त्यांचंही मोल आहे, फक्त त्यांना पोर्तुगीज म्हणू नये.

नकली वस्तू ओळखायची एक युक्ती सांगून ठेवतो, कारण आता अशा 'पुरातन' संतांचा बाजार फार वाढला आहे. जिवंत कीड लाकडाच्या आत बोगदा करते आणि बाहेर फक्त गोल छिद्र दिसतं. कोरलेल्या गालावर किंवा कपड्याच्या घडीवर बोगदा आडवा कापल्यासारखा, उघड्या चरीसारखा दिसला तर समजा की लाकूड आधीच पोखरलेलं होतं आणि त्यावर कोरीव काम नंतर झालं. ड्रिलने पाडलेली छिद्रं सगळी काटकोनात आणि एका मापाची. धूर आणि बूटपॉलिशने केलेला जुनेपणा सगळ्या खाचांत सारखा बसतो. खरी काजळी मेणबत्ती ज्या बाजूला असते त्या बाजूला, खालून वर चढते.

भेगांबद्दल. छातीपासून पायापर्यंत गेलेली उभी भेग जुनी आहे, तिच्या आत धूळ आणि रंग दोन्ही दिसतात. ती भरू नका. समुद्रकाठच्या दमट हवेत सुकलेलं लाकूड आपल्याकडच्या ४२-४३ अंशांच्या मे महिन्यात आलं की आणखी वाळतं, आणि ते वर्तुळाच्या दिशेने आडवं आक्रसतं तेव्हा कुठेतरी उकलतंच. आपल्याकडे कोरड्या उन्हाळ्यात लाकडातलं पाणी पाच-सहा टक्क्यांवर येतं आणि भर पावसाळ्यात पंधराच्या आसपास जातं. भेगेत पुट्टी किंवा एम-सील भरलं की पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा उरत नाही आणि ते शेजारी नवीन ठिकाणी फुटतं. तुमच्या वेदीच्या डावीकडे खिडकीत कूलर दिसतो. मला वाटतं पोपड्यांचं खरं कारण तो आहे. दिवसभर खडखडीत कोरडी हवा, संध्याकाळी कूलर सुरू झाला की ओला झोत थेट अंगावर, पहाटे पुन्हा कोरडं. लाकूड हलतं, सरसाचं अस्तर त्याच्या चालीने हलत नाही, आणि मधे रंग सुटतो. मूर्ती आतल्या भिंतीच्या कोनाड्यात हलवा. बाहेरच्या, पश्चिमेच्या भिंतीवर नको आणि ट्यूबलाइटच्या अगदी खाली नको.

सुटलेले पोपडे दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. पडलेला प्रत्येक तुकडा कागदाच्या पुडीत घाला आणि कुठून पडला ते पुडीवर लिहा. संवर्धक पातळ जपानी कागद लावून, सरस किंवा पॅरालॉइडसारखं पुढे काढता येणारं राळेचं द्रावण सोडून ते परत बसवतो. फेविकॉल काढता येत नाही. ओलं फडकं तर मुळीच फिरवू नका, सरसाचं अस्तर पाण्यात विरघळतं. कोरड्या मऊ ब्रशने, पोपडे नसलेल्या जागेवरची धूळ हलकेच झाडली तर पुरे. ऐकायला विचित्र वाटेल, पण घट्ट रंगावरचा मळ काढायला संवर्धक कापसाच्या बोळ्यावर स्वतःची थुंकी वापरतात, कारण तिच्यातली पाचक द्रव्यं मळ सोडवतात. हे घरी करून बघू नका.

वरचा चॉकलेटी ऑइल पेंट काढून खालचं सोनं उघडं करावं का, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच. मी तरी घाई करणार नाही. खालचा थर किती उरला आहे ते आधी बैठकीजवळच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत उघडून बघतात. निम्म्याहून कमी उरला असेल तर उघडलेली मूर्ती महारोग झाल्यासारखी दिसते आणि घरच्यांचं मन तिच्यावरून उडतं. पूजेतली मूर्ती आहे, काचेच्या कपाटातली नाही. तुटलेली बोटंही नव्याने कोरायची गरज मला दिसत नाही. हा खर्च करायचा ठरलाच तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला किंवा वारसा जपणाऱ्या इन्टॅकच्या संवर्धन संस्थेला फोटो पाठवून सल्ला घ्या.

व्यापाऱ्याला काय सांगायचं? विकायचं की नाही हा घरचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. कायदा मात्र माहीत असू द्या. १९७२ चा पुरावशेष कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी लाकडी मूर्ती, मग ती पूर्ण घडवलेली असो की उठावातली, नोंदणी कराव्या लागणाऱ्या वस्तूंत येते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची झाली तर ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला परवानगीच नाही, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तुमच्या दारात आलेल्या माणसाकडे आधी परवाना मागा, तो दुसऱ्यांदा यायचा नाही. आत्याकडचा बाळ येशू सापडला आणि तो हस्तिदंताचा निघाला, तर ती वेगळी भानगड. गोव्याकडे चेहरे, हात आणि बाळं हस्तिदंतात करायची पद्धत होती. हस्तिदंताची विक्री पूर्ण बंद आहे, आणि तशी वस्तू घरात असेल तर वनविभागाकडे चौकशी करून कागद नीट करून घ्यावेत.

नोंदणीसाठी संभाजीनगरच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारणा करा. अर्जाबरोबर फोटो लागतात, ते फळी काढल्यानंतरचे आणि तळासकट घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि उंची बैठकीसह व बैठकीशिवाय अशी दोन्ही लिहा. वयाच्या रकान्यात व्यापाऱ्याची चारशे वर्षं लिहू नका, 'अंदाजे एकोणिसावं शतक' पुरे.